सहासष्टची बस

आधीच सांगून ठेवतो, मी माणूस वाईट नाई. तोंड वाईट हाये. भागीरथा, माही बायको, म्हणते का देवानं तुमच्या तोंडाले ब्रेकच नाई बसवला. गाडीचे ब्रेक मातर बावीस साल कधी फेल नाई गेले. मी इस्तारी, ब्रह्मपुरी डेपोचा एस.टी. डायवर. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, चंद्रपूर. बावीस साल हाच रस्ता, अन् एक बी ॲक्सिडेंट नाई. एक रानडुक्कर सोडून, अन् ते बी त्याच्याच गलतीनं मेलं.

सन नव्याण्णवच्या मे महिन्याची गोष्ट हाये. माह्या गाडीवर अकरा साल एकच कंडक्टर, नानाजी. आमी दिवसभर तोंडानं कमी अन् घंटीनं जास्त बोलतो. एक घंटी म्हणजे थांब, डबल घंटी म्हणजे चाल. अकरा सालात आमचं कधी वाजलं नाई. तं या नानाजीनं माह्या पोरीसाठी सोयरीक आणली, सोताच्या भाच्याची. पोट्टा निकेश. चंद्रपुरात जटपुरा गेटाजवळ त्याचं कंप्युटर जोडून देण्याचं दुकान. माही पोरगी साधना बी.कॉम. झालेली, ब्रह्मपुरीच्या कंप्युटर क्लासात शिकवते. जोडी कागदावर तं झकास होती. एकच खोट. निकेशच्या बापाची ट्रॅव्हल्सची मिनीबस होती, चंद्रपूर ते मूल. आमी एस.टी.वाले अन् ते ट्रॅव्हल्सवाले, इस्टँडच्या बाहेर आमचे प्रवासी पळवणारे. पण म्हणलं, पोट्टा तं कंप्युटरवाला हाये, बापाले घेऊन काय करा लागते.

पाहुणे आले. पोहे झाले, च्या झाला. भागीरथा म्हणे, पोट्टा-पोट्टीले दोन शब्द बोलू द्या. त्याईले छपरीत बसवलं. मी छपरीमागच्या सांदवाडीत हात धुवाले गेलो. आयकाचं नोतं, पण कानाले दरवाजा नसते ना भाऊ.

"कंपनीनं बस सहासष्टवर बांधून देल्ली," पोट्टा म्हणत होता. "मी तिले सिद्दी शंभरवर पळवतो."

"बापा! शंभरवर?" साधना हासली. "अन् गरम झाली तं?"

"गरम तं होतेच. कधीमधी चालता चालता बंद पडते. पण घाबराचं काम नाई, पुन्हा चालू करतो."

"मले बी दाखवा ना एकडाव."

माह्या हातातला पाण्याचा गडवा खाली पडला. शंभर हा आकडा मले काऊन झोंबते ते सांगतो. लटारू म्हणून माहा दोस्त होता, माह्याच संगं भरती झालेला डायवर. एस.टी.च्या गाडीच्या पंपाले सील असते, पासष्टच्या वर गाडी जातच नाई. लटारूनं सील तोडलं. सत्त्याऐंशी साली मूलच्या जंगलात गाडी पुलाखाली गेली. प्रवासी वाचले, लटारूचा पाय गेला. त्याले त्या गाडीतून ओढून मीच काढलं होतं. तेव्हापासून कोणी मजेनं शंभर म्हणलं का मले तो पूल दिसते.

मी ओल्या हातानं तसाच छपरीत गेलो.

"नानाजी! उचल तुहा भाचा! माही पोरगी शंभरवर बस पळवणाऱ्याच्या घरी नाई जाणार!"

आतले सारे छपरीत धावले. पोट्टा कपबशी हातात धरून उभा. घाबरला होता, पण पळाला नाई, हे मी तेव्हाच पाह्यलं. तो म्हणते, "पण काका, मेमरी चांगली असली तं शंभरवर काईच होत नाई."

"मेमरी?" मी बोंबललो. "अबे, गाडी चालवाले अक्कल लागते, अक्कल!"

पाहुणे गेले. नानाजीनं चपला बी नीट नाई घातल्या.

मंग साधना माह्यासमोर आली. माही पोरगी रडत नाई. तिचं तोंड माह्यावरच गेलं हाये. "बाबा," ते म्हणते, "तुमाले बस म्हणलं का लाल डब्बाच दिसते काय? कंप्युटरच्या आत रस्ता असते, त्याच्यावरून सारं येते-जाते. त्या रस्त्याले बस म्हणते. मी क्लासात रोज तेच शिकवतो."

पोरीसमोर गलती कबूल करणं म्हणजे भर इस्टँडवर गाडी रिव्हर्स घेणं. मी अडलो. म्हणलं, "कोणती बी बस असो. सहासष्टवर बांधली तं बांधणाऱ्यानं काही पाहूनच बांधली असन ना? बांधलेलं सोडणारा माणूस मले नाई पायजे."

"बरं," साधना म्हणाली. "तुमी एक घंटी मारली, गाडी थांबली. आता तुमी डबल मारल्याबिगर मी जागची हालत नाई. दुसरा पोट्टा पाहू नका."

पंधरा दिवस असे गेले का इचारू नका. घरात भागीरथा वरणात मीठ टाकाले भुले, अन् फक्त माह्याच ताटात. गाडीत नानाजी बोलेना. एक घंटी असी मारे का टाळक्यात लागे. डबल मारे तं मधात येवढा वेळ घे का मले समजेना, चालू का थांबू. नागभीडले एका बाईचं गठुडं वर अन् बाई खाली, असं झालं. शेवटी मूलच्या इस्टँडवर मी म्हणलं, "नानाजी, तुया भाच्याले सांग. ते मशीन माह्या डोयासमोर शंभरवर चालवून दाखव. एक ड्युटी भर. सकाळपासून सांजच्या सहापर्यंत. एकडाव बी बंद पडलं तं सोयरीक नाई. नाई पडलं तं लग्न."

"शब्द?"

"शब्द."

नानाजीनं एका तिकिटाच्या मागं ते लिहून घेतलं अन् खिशात ठेवलं. कंडक्टर तो कंडक्टर.

माह्या सुट्टीच्या दिवशी मी, साधना अन् नानाजी सकाळीच चंद्रपूरले गेलो. दुकान म्हणजे एक खोली, एक कूलर, अन् भिताडाले उघडे कंप्युटर. निकेशनं पाह्यलं तं साधनाकडे, पण नमस्कार केला मले. टेबलावर दोन हिरवे पत्रे ठेवले होते, पोळपाटापेक्षा मोठे, त्याच्यावर सोनेरी रेघाच रेघा.

"हे मदरबोर्ड, काका," तो म्हणाला. "सारं याच्यावर बसते. अन् ह्या रेघा म्हणजे बस."

मी चष्मा लावला. बारीक बारीक रस्ते, वळण घेत चालले. खोटं कायले बोलू, मले ते आवडलं. आमच्या सार्वजनिक बांधकामवाल्याईनं पाहावं असं काम होतं.

"दोन काऊन आणले?"

"हा एक सस्ता हाये, नवीन हाये, दिसाले बी भारी. पण याचा रस्ता सहासष्टचाच बांधला. हा दुसरा थोडा महाग. हा शंभरसाठीच बांधला हाये. सहासष्टवर बांधलेलं इंजन तेच, पण रस्ता शंभरचा."

"म्हणजे तू सहासष्टच्या रस्त्यावर शंभर नाई पळवत?"

"नाई काका. मी काय येडा हाये?"

मी साधनाकडे पाह्यलं. ते छताकडे पाहून राह्यली होती.

मंग त्यानं इंजन दाखवलं, त्याले ते प्रोसेसर म्हणते. तीनशेचा होता. बस सहासष्ट, गुणिले साडेचार, जवळपास तीनशे. साडेचारले लॉक हाये, ते हालत नाई. पण बस शंभर केली का... "साडेचारशे," मी म्हणलं. हिशेब मले येते. "अन् कंपनीनं तीनशेच काऊन लिहलं?" तं म्हणे, कंपनी सगळ्याईले झेपन तो आकडा लिहते. बरेच त्याच्याहून जास्त पळते. कोणता पळन ते चालवल्याबिगर समजत नाई.

त्यानं मशीन चालू केलं अन् पडद्यावर यादी आणली. सहासष्ट, पंच्याहत्तर, त्र्याऐंशी, शंभर. मी त्याचा हात धरला. "थांब. सिद्दा टॉपवर टाकतू काय? पंच्याहत्तरवर घे, मंग त्र्याऐंशी, मंग शंभर. गाडी असी चढवा लागते."

पोट्टा पह्यल्यांदा हासला. "बरोबर इचारलं काका. पण मधात थांबलं का नुसकान होते. मोठ्या बसमधून लहान रस्ता निंगते, बाकीच्या सामानासाठी. त्याले तेहतीसच झेपते. सहासष्टले दोननं भाग देल्ला का तेहतीस. शंभरले तीननं देल्ला का तेहतीस. पण त्र्याऐंशीले दोननंच भाग जाते इथी, येक्केचाळीस होते. हार्डडिस्कवरचं सारं लिहलेलं बिघडू शकते."

मी डोक्यात भाग देल्ला. बरोबर होतं. "अबे," मी म्हणलं, "म्हणजे शंभरवर हा गिअर बदलते!"

"गिअरच, काका."

"मंग तसं सांग ना मायबाप! छपरीत बसून पोरीले सांगतलं, मले सांगतलं असतं तं?"

"तुमी सांगू कुठी देल्लं?" नानाजी मागून बोलला. पंधरा दिवसातलं त्याचं पह्यलं पुरं वाक्य.

आता राह्यली मेमरी. निकेश म्हणे, बस शंभरवर गेली का मेमरीले बी शंभरच्या चालीनं पळा लागते, नाई तं सारंच थांबते. मेमरी म्हणजे दोन बोटं रुंद पट्टीवर बसवलेल्या काळ्या चिपा. नागपूरच्या एका यापाऱ्याकडून त्यानं आजच्यासाठी खास पट्टी मागवली होती. पॅकबंद, वर चमकदार स्टिकर, शंभर लिहलेलं. मोठ्या कौतुकानं त्यानं ते खोलली अन् बसवली. नऊ वाजून धा मिनिटांनी शंभरवर मशीन चालू झालं. पडद्यावर आकडे धावाले लागले. नुसते हिशेब करत राह्यते ते, कायचे कोण जाणे. साधना स्टूल ओढून समोर बसली. नानाजीनं घड्याळ पाहून तिकिटावर टाइम लिहला.

साडेनऊले आकडे थांबले.

निकेशनं एक बटन दाबलं, दुसरं दाबलं. पडदा मेल्यासारखा. नानाजीनं खिशातून तिकीट काढलं अन् माह्यासमोर टेबलावर ठेवलं. "हारलो, इस्तारी," तो म्हणाला. "शब्द तुहाच होता." भाच्यासाठी माणूस काहीबी बोलला असता. तो नाई बोलला.

मी साधनाकडे पाह्यलं. ते रडत नोती, सांगतलं ना, रडत नाई. पण तिनं दोन्ही हातानं स्टूल घट्ट धरून ठेवलं होतं, लहानपणी माह्या गाडीत पुढच्या सीटवर बसे तं घाटात धरे तसं. तेव्हा मागं वळून मी म्हणो, भिऊ नको, बाबा चालवून राह्यला. जिंकलो होतो मी. असं जिंकणं कोणाले पायजे?

मी म्हणलं, "ते पट्टी काढ. माह्या हाती दे."

निकेशनं काढून देल्ली. चिपायवरून मी आंगठा फिरवला. अक्षरं कोरी करकरीत, पण आंग खरखरीत. बावीस साल सकाळी गाडी काढण्याआधी मी टायरवर हात फिरवतो. घसटलेल्या टायरवर नवीन रबर चढवते, त्याले रिमोल्ड म्हणते. आमच्या एस.टी.त ते उघड असते, लिहून असते. बजारातले चोट्टे तेच नवीन म्हणून खपवते. डोयाले समजत नाई, हाताले समजते.

"स्पिरिट हाये काय?"

होतं. चिंधी भिजवून मी एका चिपावर घासलं. पांढरी अक्षरं चिंधीवर आली! खाली दुसऱ्या आकड्याची पुसट खूण. निकेशनं भिंग लावलं अन् त्याचं तोंडच पडलं.

"सहासष्टची मेमरी हाये, काका. वरून घासून शंभरचा छापा मारला."

"रिमोल्ड हाये, रिमोल्ड! अन् तू स्टिकर पाहून भुलला. तुयापाशी दुसरी नाई काय?"

फळीवर होती एक. स्टिकर नाई, पॅकिंग नाई, एका हापिसातल्या मोडीतून निंगालेली. मी आंगठा फिरवला, काचेवानी गुळगुळीत. स्पिरिट घासलं, अक्षर हाललं नाई. निकेशनं भिंगातून आकडा वाचला अन् म्हणाला, "आठ नॅनोसेकंद. खरीखुरी शंभरची."

"मंग फळीवर काऊन ठेवली?"

"जुनी हाये काका. म्हणलं तुमच्यासमोर नवीन लावू."

"अबे, जुनं ओरिजनल अन् नवीन रिमोल्ड, यातलं काय लावा लागते हे मी सांगू तुले? लाव ते!"

"पण शब्द?" नानाजीनं तिकिटावर बोट ठेवलं. "एकडाव बी बंद पडलं तं..."

"तू गप रे!" मी म्हणलं. "डेपोतून खराब सामान आलं तं ब्रेकडाऊन डायवरच्या नावावर लिहतेत काय? स्टोअरच्या नावावर लिहतेत. हे नागपूरच्या यापाऱ्याच्या नावावर लिह. अन् नवा टाइम टाक, पावणेधा."

नानाजीनं लिहलं. मिशीतल्या मिशीत हासून राह्यला होता, बदमाश.

मशीन चालू झालं. धा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. आकडे धावत होते. चंद्रपुरातला मे महिना म्हणजे तुमाले सांगा नाई लागत. शेचाळीसच्या वर पारा. एक वाजता डबे सोडले, तं साधना स्टुलावरच जेवली. निकेश एक घास खाये अन् एकडाव पडदा पाहे. मी त्याले म्हणलं, "नीट जेव. डायवर उपाशी नसावा."

अडीच वाजता कूलर घरघर करत थांबला. पंखा थांबला. लाईट गेली.

"घ्या!" मी ओरडलो. "येवढं मोठं वीज केंद्र या गावात, अर्ध्या महाराष्ट्राले लाईट देते, अन् लाईट जाते ते इथीच!"

खाली एक बॅटरीचा डब्बा पीक-पीक कराले लागला. निकेशनं पडदा झटकन बंद केला. म्हणे, पडदा बंद ठेवला तं बॅटरी पंधरा मिनिटं पुरन. पण कूलर नाई, खोली तापली का इंजन तापन अन् थांबन. अन् थांबलं का नाई हे आता दिसणार बी नाई.

दिसत नाई तं काय झालं? मी कान लावला. आत बारका पंखा फिरत होता, एका सुरात. "इंजन चालू हाये," मी म्हणलं. मंग खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् उघड्या डब्ब्याले वारा घालाले लागलो. साधना उठाले लागली तं मी म्हणलं, "तू बस. तू हालणार नोती ना?" निकेश म्हणे, काका, द्या मी घालतो. "तू बॅटरी पाह्य!" मी खेकसलो. घाम डोयात जाऊन राह्यला, हात भरून आले, अन् मी वारा घालून राह्यलो. ज्या मशीनीपायी मी पाहुण्याईले हाकललं, त्याच मशीनीले. तिकडून नानाजी म्हणते, "इस्तारीभाऊ, घरी भागीरथाबाईले कधी येवढा वारा घातला काय?"

बारा मिनिटं. मंग कूलर घरघरला. निकेशनं पडदा लावला. पडदा उजळाले किती वेळ लावते, ते त्या दिवशी समजलं.

आकडे धावून राह्यले होते.

मी अन् निकेश, आमी दोघंबी एकदमच "चालू हाये!" म्हणून बोंबललो. मंग लक्षात आलं का मी त्याचा खांदा पकडून हालवून राह्यलो. सोडला. पण मंग पुन्हा पकडला, म्हणलं जाऊ दे.

चार वाजले. पाच वाजले. शेजारचे दुकानदार येऊन पाहून गेले. सहाले पाच कमी असताना नानाजीनं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सहा वाजले. नानाजीनं तिकिटावर शेवटचा टाइम लिहला, पेन खिशात ठेवला अन् माह्याकडे पाह्यलं. निकेश उभा होता, पंधरा दिवसाआधी छपरीत होता तसाच, फक्त हातात कपबशी नोती. साधना मातर माह्याकडे पाहेना. पडद्याकडेच पाहत होती.

मले बोलाचं होतं. लय बोलाचं होतं. गलती माही होती, हे बी बोलाचं होतं. अन् बावीस सालात पह्यल्यांदा माह्या तोंडाले ब्रेक लागला. आवाजच निंगेना.

मी हात लांबवला अन् नानाजीच्या खिशातून त्याचा तिकिटाचा पंच काढला. त्या मशीनीच्या लोखंडी डब्ब्यावर एकडाव मारला.

टक्.

एक घंटी. साधनानं पुन्हा स्टूल घट्ट धरलं.

टक्.

पोरगी सकाळपासून बसली होती, ते जागेवरून उठली. उठली अन् सिद्दी येऊन माह्या घामट सदऱ्यात तोंड खुपसून रडाले लागली. माही पोरगी रडत नाई म्हणलं होतं, तं ते खोटं निंगालं. नानाजीनं ते तिकीट दोन बोटात धरलं अन् त्याले नीट पंच केलं, जसं का प्रवास सुरू झाला.

निकेशले काय करावं समजेना. हातपाय कुठी ठेवाचे ते समजेना. शेवटी मशीनीच्या बटनाकडे हात नेत तो मले म्हणाला, "मामाजी, आता बंद करू काय?"

मामाजी म्हणला! आमच्याकडे सासऱ्याले मामाजी म्हणते. काका म्हणणारा पोट्टा मले मामाजी म्हणला, अन् माहा आवाज परत आला.

"खबरदार हात लावशीन तं!" मी म्हणलं. "चालू दे."